पोहता येत नसेल तर हवाईतल्या कोनाला रात्रीच्या मांटा स्नॉर्कलिंगला जावं का?

तुम्ही विचारलंय, पोहता येत नाही, बरोबरचे म्हणतात "बोर्ड धरून तर राहायचंय, त्यात काय", तर जाऊ का आणि मांटा चावतो का. स्नॉर्कलिंग म्हणजे तोंडात श्वासाची नळी (स्नॉर्कल) धरून, चेहरा पाण्यात घालून वरून खाली बघणं; मांटा म्हणजे रुंद, चपटा मोठा मासा.

चावत नाही. त्याला नांगीही नसते. हवाई बेटावरच्या कोनाच्या किनाऱ्याला येतात ते रीफ मांटा. पंख पसरले की तीन-चार मीटर रुंद, आणि खाणं काय तर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. दिव्याखाली प्लवक जमतो म्हणून मांटा येतो, एवढंच त्याचं तुमच्याशी नातं.

पण "त्यात काय" हे वाक्य मला अजिबात पटत नाही, आणि हा वाद मी अनेकांशी घातलाय. बोर्ड धरणं म्हणजे नेमकं काय, ते ऐका. दिवे लावलेला तरंगता बोर्ड, त्याच्या कडेने पाइपच्या मुठी. तुम्ही दोन्ही हातांनी मूठ धरून पालथे पडता, घोट्यांखाली फोमची नळी असते म्हणजे पाय वर राहतात. वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, तुम्हाला तरंगवतो, त्यामुळे बुडण्याची भीती खरंच कमी असते. पण तोंड अर्धा-पाऊण तास पाण्यात असतं. खाली प्रकाशाचा खांब, बाकी सगळा काळोख, आणि श्वास फक्त तोंडाने. गोंधळ तिथे होतो. डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरतं, माणूस नाकाने ओढतो, ठसकतो, घाबरून उभं राहायला बघतो, पायाखाली जमीन नसते. मग धरायला शेजारच्याचा खांदा. मांटाने काहीच केलेलं नसतं.

म्हणून परीक्षा पोहण्याची नाही, नाकाची आहे. कंबरभर पाण्यात मास्क न लावता फक्त स्नॉर्कल तोंडात धरा, चेहरा पाण्यात घाला आणि नाकाला पाणी लागत असताना एक मिनिट तोंडाने श्वास घ्या. हे जमलं की मास्क गळला तरी तुम्ही घाबरणार नाही. पुढे मास्क लावून दहा मिनिटं सलग, काठ न धरता. स्नॉर्कलच्या नळीत पाणी आलं तर एक जोरदार फुंकर मारायची आणि पुढचा श्वास हळू घ्यायचा. हे जमत नसेल तर बोटीवर बसून बघा. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांनाही काही बोटी नेतात.

मास्क गळण्याची कारणं ठरलेली असतात. कडेखाली अडकलेली केसाची बट, टोपीची कड किंवा मिशी. मिशी असेल तर नाकाखालची पट्टी काढा, नाहीतर थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. पट्टा आवळल्याने गळती थांबत नाही, उलट मास्क वाकडा बसतो. नवा मास्क आतून टूथपेस्टने नीट घासा, त्यावरचा थर गेला नाही तर काच धुकटतच राहते. चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबरचा मास्क मिळतो का, ते आधीच विचारा.

पाय मात्र वर ठेवाच. मांटा खालून तोंड उघडं ठेवून वर येतो, डोक्यापुढचे दोन पंखे पसरून प्लवक तोंडाकडे वळवतो आणि तुमच्या छातीखाली कोलांटी मारून परत जातो. त्याच्या पोटावरचे काळे ठिपके आणि कल्ल्यांच्या फटी इतक्या जवळून दिसतात की हात आपोआप पुढे जातो. तो आवरा. त्याच्या कातडीवर चिकट संरक्षक थर असतो, हात लागला की तो निघतो. "हळूच लावला तर काय होतं" म्हणणाऱ्यांनी बोटीवर चढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लोंबते पाय त्याच्या वाटेत येतात ते वेगळंच.

पोटाचं सांगायचं राहिलं. लाटांवर पालथं पडून हलत्या प्रकाशाकडे बघत राहिलं की एरवी बोट न लागणाऱ्यांनाही मळमळतं. गोळी निघण्याआधी तासभर घ्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. जेवण हलकं आणि दोन तास आधी. दारू नाही. पाणी साधारण २४ ते २७ अंश असतं, पण हालचाल नसल्याने थंडी वाजते. परतीच्या वाऱ्यासाठी कोरडं जाकीट बोटीवर ठेवा.

दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा. आणि बुकिंग सहलीच्या पहिल्या एक-दोन रात्रींत करा. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, कधी मांटा येतच नाही, शेवटच्या रात्रीचं बुकिंग असेल तर दुसरी संधी उरत नाही. नंतर लगेच विमानात बसण्याची काळजी नको, त्याआधी थांबण्याचं बंधन हवेची टाकी लावून खोल जाणाऱ्यांना.