पासवर्ड बदलला आणि पत्ता बिघडला : एफटीपी यूआरएलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या तेल गिरणीत लातूर, उदगीर आणि अहमदपूर येथील सोयाबीन व तुरीचे दर रोज संध्याकाळी एका एफटीपी (फाइली पाठवण्या-आणण्याची पद्धत) सर्व्हरवरून उतरवून घेतले जातात. त्यासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत युजरनेम, पासवर्ड, सर्व्हरचे नाव आणि फोल्डर एकापुढे एक जोडून यूआरएल (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) तयार करतो व पुढे अर्लस्प्लिट या फंक्शनने त्याचे भाग वेगळे करतो. हे काम विनातक्रार चालू होते. पासवर्ड बदलल्यापासून मात्र पोर्टचे (सर्व्हरशी जोडणी करण्याच्या क्रमांकाचे) पूर्णांकात रूपांतर होत नाही, अशी एरर येते. पोर्ट तर मी कोठेच दिलेला नाही. नव्या पासवर्डमध्ये हॅश (#) आहे, त्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : संबंध त्याचाच आहे. समजा युजरनेम ‘दर’ आणि पासवर्ड ‘तूर#९’ आहे. म्हणजे आपण जोडलेला पत्ता ‘एफटीपी://दर:तूर#९@सर्व्हर/सोयाबीन/’ असा काहीसा होतो. अर्लस्प्लिट सुरुवातीच्या दोन स्लॅशनंतर जो पहिला स्लॅश, प्रश्नचिन्ह किंवा हॅश भेटेल तेथपर्यंतच्या मजकुरालाच सर्व्हरचा भाग मानते. येथे हॅश आधी आल्यामुळे हाती उरते ते केवळ ‘दर:तूर’. त्यात ॲटचे चिन्ह नाही, म्हणून कोलनच्या अलीकडचे सर्व्हरचे नाव आणि पलीकडचा पोर्ट, असा अर्थ लावला जातो; ‘तूर’ हा काही आकडा नसल्यामुळे पोर्ट विचारताक्षणी एरर येते. एरर आली हे एका परीने बरेच झाले. पासवर्ड ‘२१२१#तूर’ असा असता, तर पायथनने काहीही न बोलता २१२१ हा पोर्ट धरला असता आणि आपला प्रोग्रॅम ‘दर’ नावाचा सर्व्हर शोधत बसला असता.

उपाय असा की युजरनेम, पासवर्ड, प्रत्येक फोल्डरचे नाव आणि फाइलचे नाव हे सगळे जोडण्यापूर्वीच वेगवेगळे एन्कोड करावे, म्हणजे त्यांतील विशेष चिन्हांच्या जागी टक्क्याने सुरू होणारे संकेत घालावेत. पायथनच्या अर्लिब.पार्स या मॉड्यूलमधील कोट हे फंक्शन त्यासाठीच आहे. मात्र त्याला ‘सेफ’ हा पॅरामीटर रिकामा द्यावा, कारण मुळात ते स्लॅशला हात लावत नाही आणि पासवर्डमध्ये स्लॅश असेल तर वरचाच घोटाळा पुन्हा होतो. मग हॅशच्या जागी %२३, ॲटच्या जागी %४० आणि खुद्द टक्क्याच्या जागी %२५ येते. पूर्ण पत्ता जोडून झाल्यावर त्याला सरसकट कोट करणे म्हणजे वरातीमागून घोडे. कोणता हॅश पासवर्डचा आणि कोणता कोलन पत्त्याचा, हे तेव्हा कळायला मार्गच उरत नाही. आणि एखादा भाग आधीच एन्कोड केलेला असेल तर %२३ चे %२५२३ होऊन बसते. कोटप्लस तर येथे वापरूच नये. ते रिकाम्या जागेचे अधिकचिन्ह करते, आणि एफटीपीच्या पाथमध्ये (पत्त्यातील फोल्डर व फाइलच्या भागात) अधिकचिन्ह हे अधिकचिन्हच राहते.

पासवर्डमधील ॲटच्या बाबतीत पायथन थोडे उदार आहे. ते शेवटचे ॲट धरून सर्व्हरचे नाव वेगळे काढते, त्यामुळे एन्कोड न केलेला पासवर्डही कधी कधी चालून जातो. त्या सवलतीवर विसंबू नये. तोच पत्ता दुसऱ्या एखाद्या साधनाला दिला की ते पहिल्या ॲटपाशी तोडण्याची शक्यता असते.

पत्ता फोडताना क्रम नेमका उलटा ठेवावा : आधी भाग पाडावेत, मग प्रत्येक भाग अनकोट करावा, म्हणजे संकेतांच्या जागी मूळ चिन्हे परत आणावीत. युजरनेम आणि पासवर्ड अर्लस्प्लिटकडून एन्कोड केलेल्या रूपातच परत मिळतात, ते तसेच लॉगिनला दिले तर सर्व्हर नाकारणारच. पोर्ट दिलेला नसेल तर ‘नन’ (काहीच नाही) मिळते, तेथे एफटीपीचा नेहमीचा २१ आपणच भरावा. फाइलचे नाव देवनागरीत असेल तर पत्ता लांबलचक दिसेल, त्याने बिचकू नये : ‘अहवाल’ या नावातील पाच अक्षरचिन्हांचे यूटीएफ-८ या अक्षर-संकेतपद्धतीत १५ बाइट होतात आणि एन्कोड केल्यावर ४५ चिन्हे.

खरे तर आपण शेवटी पायथनची एफटीपीलिब ही लायब्ररीच वापरत असाल, तर यूआरएल जोडून पुन्हा फोडण्याची गरजच काय, हा माझा आपल्याला उलट प्रश्न आहे. सर्व्हर, युजरनेम आणि पासवर्ड सेटिंगमध्ये वेगवेगळे ठेवावेत. पासवर्ड असलेला पत्ता लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) उमटतो. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजामध्येही पत्त्यात असा पासवर्ड लिहिण्याची पद्धत त्याज्य ठरवलेली आहे.

प्रश्न : सर्व्हरवर ‘/डेटा/पाऊस/’ या फोल्डरमध्ये फाइल आहे, हे मी स्वतः लॉगिन करून पाहिले आहे. तरीही ‘एफटीपी://सर्व्हर/डेटा/पाऊस/’ असा पत्ता दिल्यावर ५५० क्रमांकाचे (फाइल वा फोल्डर मिळत नाही, असे) उत्तर येते. असे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : वेबच्या पत्त्याची सवय येथे आड येते. डिसेंबर १९९४ च्या आरएफसी १७३८ मध्ये टिम बर्नर्स-ली, लॅरी मॅसिंटर आणि मार्क मॅकॅहिल यांनी एफटीपी यूआरएलचा जो अर्थ सांगितला आहे, त्यानुसार पाथ म्हणजे सर्व्हरवरील जागा नव्हे, तर क्रमाने द्यायच्या आज्ञा आहेत. प्रत्येक फोल्डरसाठी एक सीडब्ल्यूडी (फोल्डरमध्ये शिरण्याची आज्ञा) आणि शेवटच्या नावासाठी आरईटीआर (फाइल उतरवण्याची आज्ञा). सर्व्हरच्या नावानंतरचा पहिला स्लॅश केवळ विभाजक आहे, तो पाथमध्ये मोजला जात नाही. म्हणून आपल्या पत्त्याचा अर्थ ‘लॉगिन झाल्यावर ज्या फोल्डरमध्ये पोहोचलो, त्याच्या आतील डेटा’ असा होतो. मुळापासूनचा डेटा हवा असेल तर पहिल्या फोल्डरच्या नावातच एन्कोड केलेला स्लॅश द्यावा : ‘एफटीपी://सर्व्हर/%२एफडेटा/पाऊस/’. कर्ल हे फाइली उतरवण्याचे साधन दुहेरी स्लॅशही चालवून घेते, पण आरएफसीतील रीत %२एफ हीच आहे.

आधी भाग पाडा, मग अनकोट करा, असे वर म्हटले ते येथे फार महत्त्वाचे ठरते, कारण आधीच अनकोट केले तर %२एफ आणि साधा स्लॅश यांतील फरकच पुसला जातो. अनकोट केलेल्या नावात नवी ओळ सुरू करणारे चिन्ह निघाले तर तो पत्ता सरळ नाकारावा. एफटीपीत ओळ संपली की आज्ञा संपते, त्यामुळे खोडसाळ पत्त्यातून दुसरी आज्ञा घुसवता येते.

प्रश्न : पत्त्याच्या शेवटी ‘;टाइप=आय’ असते, ते काय? आणि एफटीपी सोडून एसएफटीपी घ्यायचे ठरल्यास पत्त्याचा पहिला शब्द बदलला की पुरे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ‘आय’ म्हणजे फाइल आहे तशी, बाइटला बाइट उतरवणे, ‘ए’ म्हणजे मजकूर म्हणून, ज्यात ओळींची शेवटची चिन्हे बदलू शकतात आणि झिप फाइल खराब होते, ‘डी’ म्हणजे फोल्डरची यादी. पायथनचे अर्लपार्स हा भाग वेगळा काढून देते, अर्लस्प्लिट तो फाइलच्या नावालाच चिकटलेला ठेवते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. एसएफटीपी ही एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालणारी वेगळीच व्यवस्था असून तिचा नेहमीचा पोर्ट २२ आहे. कर्लमध्ये तिचा पाथ मुळापासून धरला जातो आणि आपल्या होम फोल्डरसाठी ‘/~/’ लिहावे लागते, म्हणजे नांदेडच्या वाचकांना पडलेला पेच येथे उलटा होतो. एफटीपीलिबला एसएफटीपी येत नाही, पॅरामिकोसारखी लायब्ररी घ्यावी लागेल. सर्व्हर टीएलएस या सांकेतिक सुरक्षेसह एफटीपी देत असेल तर मात्र एफटीपीलिबमधील एफटीपी_टीएलएस हा क्लास पुरेसा आहे. लॉगिननंतर त्याचे प्रॉट_पी बोलावण्यास विसरू नये, अन्यथा पासवर्ड सुरक्षित जातो, पण फाइल उघडीच येते.