फळ्यावर ‘साथ’ लिहिण्याआधी

दूध संस्थेत नवीन आलायस, म्हणून सांगतो. वरून येणाऱ्या कागदात ‘एपिझूटिक’ दिसलं की बिचकू नको. ती जनावरांतली साथ. ग्रीकमध्ये डेमोस म्हणजे लोक, झून म्हणजे प्राणी. म्हणून माणसांत एपिडेमिक, जनावरांत एपिझूटिक. एखाद्या भागात कायम थोडाथोडा असणारा रोग तो एन्झूटिक. नेहमीपेक्षा जास्त जनावरं थोड्या दिवसांत पडायला लागली, की मगच साथ म्हणायचं. एका म्हशीला घटसर्प (गुरांचा घसा सुजवणारा रोग) झाला म्हणून लगेच फळ्यावर साथ लिहू नको, पण डॉक्टरांना त्याच दिवशी कळव.

‘झुनोटिक’ मात्र वेगळा: जनावरातून माणसाला होणारा. इथं फार गल्लत होते. २०२२ साली लम्पी, म्हणजे गुरांचा अंगावर गाठी येणारा रोग, आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या वहिनींनी दुधाने भरलेली किटली मोरीत ओतली. गाईच्या मानेवर सुपारीएवढ्या गाठी, आणि घरात लहान पोर, घाबरल्या बिचाऱ्या. लम्पी माणसाला होतच नाही. माशा, डास, गोचीड यांनी तो गुरांत पसरतो.

फळ्यावर साधं लिही: ‘लाळ्या-खुरकुताची साथ आहे, गावाबाहेरचं जनावर आणू नका.’ म्हाताऱ्यांना ‘बुळकांडी’, गुरांचा जुना जीवघेणा रोग, आठवते, तसं रोगाचं नाव आलं की माणूस हलतो.