आधी इंजिन, बॉयलर नंतर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घरी करता येईल अशा छोट्या वाफेच्या इंजिनाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आलाय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जास्त जणांच्या कामाचे आहेत तेवढे घेतोय.

प्रश्न : मी सांगलीला असतो, बँकेतून रिटायर झालोय. माझ्याकडे ड्रिल मशीन, व्हाईस, हॅकसॉ आणि दोन-चार कानशी, एवढंच. लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, नाही. खरोखर चालेल असं इंजिन जमेल का, की हा नाद सोडून देऊ?

नाद कशाला सोडता? लेथ नसेल तर ऑसिलेटिंग सिलिंडरचं इंजिन करायला घ्या, ह्यात व्हॉल्व्ह नाही, तो हलवणारी एक्सेंट्रिक चकती नाही, काही नाही, सिलिंडरच एका पिनवर डुलतो आणि डुलता डुलता त्याच्या अंगावरचं भोक एकदा मागच्या उभ्या प्लेटवरच्या वाफेच्या भोकासमोर येतं आणि एकदा एक्झॉस्टच्या, म्हणजे वापरलेली वाफ बाहेर सोडणाऱ्या भोकासमोर. मधोमध असताना दोन्ही बंद. संपलं, एवढंच तत्त्व.

मापं सांगतो, ह्याच घ्या असं नाही पण सुरुवातीला सोपी पडतात. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १२ मिमी. क्रँकपिन शाफ्टच्या मध्यापासून १० मिमीवर, म्हणजे स्ट्रोक (पिस्टनची एका बाजूची धाव) २० मिमी. सिलिंडरची पिव्होट पिन शाफ्टपासून ५० मिमीवर ठेवली की सिलिंडर दोन्हीकडे साधारण साडेअकरा अंश कलतो, आणि सिलिंडरचं भोक पिव्होटच्या वर १५ मिमीवर पाडलं तर ते मध्यापासून इकडे ३ आणि तिकडे ३ मिमी सरकतं. मग उभ्या प्लेटवरची दोन भोकं मध्यापासून ३-३ मिमीवर आली. भोकं ३ मिमीची केलीत तर बंद व्हायला जागाच उरत नाही, वाफ सरळ एक्झॉस्टला पळते, म्हणून २.५ मिमीचं ड्रिल वापरा.

ही भोकं पट्टीने मार्क करायच्या भानगडीत मात्र पडू नका. सिलिंडरच्या भोकात एक टोकदार खिळा बसवा, टोक प्लेटकडे, सगळं जोडा आणि क्रँक हाताने सावकाश फिरवा. प्लेटवर छोटी कमान कोरली जाते, तिची दोन टोकं म्हणजे तुमच्या भोकांच्या जागा. आपल्या हातून मापात जी काय चूक झाली असेल ती पण ह्यात आपोआप धरली जाते.

खरी मेहनत पुढे आहे. सिलिंडरचा आणि प्लेटचा जो भाग एकमेकांवर घासतो तो आरशासारखा सपाट पाहिजे. जाड काचेवर वॉटर पेपर ठेवायचा, ४००, मग ६००, मग १०००, थोडं तेल, आणि इंग्रजी आठच्या आकारात घासत बसायचं. कंटाळवाणं काम आहे पण इंजिन चालणार की नुसतं फुसफुसणार हे इथेच ठरतं. पिव्होटवरची स्प्रिंग बॉलपेनची चालते, फार आवळली तर सिलिंडर अडकतो, सैल ठेवली तर वाफ फटीतून जाते. पिस्टन आणि बोअर तेवढं एखाद्या टर्नरकडून करून घ्या. सांगलीहून कोल्हापूर किती लांब, शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्क करणारे भरपूर आहेत. फ्लायव्हील जड घ्या, कारण असल्या इंजिनात वाफ अर्ध्याच फेरीत ढकलते, उरलेली अर्धी फ्लायव्हीलने ओढायची असते.

आणि पहिल्यांदा हवेवर चालवा! जुना स्कूटरचा टायर रिमसकट मिळाला तर त्यात हवा भरा, व्हॉल्व्हमधून बारीक नळी काढा, १०-१५ पीएसआयला फिरायला लागलं पाहिजे. हवेवर नीट पळत नाही तोवर बॉयलरचं नावसुद्धा काढायचं नाही.

प्रश्न : इंजिन तयार आहे. बॉयलर म्हणून घरातला जुना प्रेशर कुकर वापरला तर? शिट्टी काढून तिथे नळी बसवायची. (नाशिक)

नको. कुकर साधारण १ किलो प्रेशरवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो), १२१ अंशाला काम करतो आणि तेवढ्यावर तुमचं इंजिन आरामात फिरेल हे खरं, म्हणून तर सगळ्यांना मोह होतो. पण शिट्टी हाच त्याचा रोजचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, तोच तुम्ही काढताय. आता बघा, इंजिन मध्येच थांबलं आणि नेमकं मधोमध थांबलं तर दोन्ही भोकं बंद, म्हणजे वाफेला जायला वाटच नाही, खाली गॅस चालू. उरला काय तर झाकणावरचा तो वितळणारा सेफ्टी प्लग, आणि जुन्या कुकरच्या प्लगवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

बॉयलर तांब्याचाच करा. ६० मिमी व्यासाची, दीड मिमी जाडीची नळी, दोन्हीकडे तांब्याची झाकणं. पुण्यात असाल तर कसब्यातल्या तांबट आळीत झाकणांना कड वळवून मिळू शकते, हातोडीचं काम त्यांच्याइतकं आपल्याला कुठलं जमायला. सांध्यांना डाग (सोल्डर) चांदीचा द्यायचा, टाकणखार लावून, सहाशे अंशाच्या वर तापवून. कथलाचा डाग साधारण १८३ अंशाला पाणी होतो, २ किलो प्रेशरची वाफच १३३ अंशाच्या आसपास असते, आणि पाणी संपून बॉयलर कोरडा पडला की १८३ गाठायला कितीसा वेळ लागतो! फिटिंग बसवायचे बुश (आट्यांच्या जाड कड्या) पितळेचे नकोत, गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि धातू ठिसूळ होतो. ब्राँझ किंवा गनमेटल घ्या.

२ किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? ६० मिमीच्या झाकणाचं क्षेत्रफळ सव्वाअठ्ठावीस चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक झाकणावर ५६ किलोचा जोर. एक मोठा माणूसच आतून रेटतोय समजा. त्यासाठी मधून आरपार एक स्टे, म्हणजे दोन्ही झाकणांना धरून ठेवणारी सळई, टाका, दोन्ही टोकांना डाग देऊन.

टेस्ट थंड पाण्याने. बॉयलर काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि ४ किलोपर्यंत न्या, म्हणजे चालवायच्या प्रेशरच्या दुप्पट. प्लंबरकडे पाईपलाईन तपासायचा हातपंप असतो तो एक दिवस मागून आणा. पाणी दबत नाही, त्यामुळे कुठे सांधा सुटलाच तर नुसती धार लागते आणि काटा खाली येतो. हवेने टेस्ट कधीच, कधीच करू नका, हवा दबलेली असते आणि सुटली की बॉम्ब.

प्रश्न : हवेवर मस्त पळतं, वाफेवर चार फेऱ्या मारतं, पाणी थुंकतं आणि थांबतं. कुठे चुकलं? (डोंबिवली)

बहुतेक कुठेच नाही. गार सिलिंडरमध्ये गेलेल्या पहिल्या वाफेचं पाणी होतं आणि पाणी पिस्टनला पुढे सरकू देत नाही. प्रेशर आल्यावर फ्लायव्हील हाताने मागेपुढे फिरवत राहा, एक्झॉस्टमधून आधी पाणी येईल, मग पाणी आणि वाफ, मग सिलिंडर हाताला चटका देईल एवढा तापला की स्वतःच उचलेल. नळी शक्य तितकी आखूड करा, तिच्यावर सुती दोरी गुंडाळा. बॉयलर दोन तृतीयांशच भरा, गळ्यापर्यंत भरलात तर उकळतं पाणीच नळीत चढतं. बोअरवेलचं पाणी असेल तर ते अजिबात नको, क्षार बसतात, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा.

तेलाचं पण बघा. शिलाई मशीनचं पातळ तेल वाफेत धुऊन जातं, जाड स्टीम सिलिंडर ऑईल लागतं. नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून खाली एक छोटी डबी जोडा आणि डबीत हे तेल भरा, थोडी वाफ डबीत शिरते, पाणी होऊन तळाला बसते, तेवढं तेल वर उचललं जातं आणि वाफेबरोबर सिलिंडरला जातं. पंप नको, काही नको. मला विचाराल तर सगळ्या इंजिनात सगळ्यात हुशार वस्तू हीच.

प्रश्न : बॉयलरला सरकारी परवानगी लागते का? (कोल्हापूर)

२५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही, तुमचा अर्धा लिटरसुद्धा नाही. पण इन्स्पेक्टर येणार नाही म्हणजे इन्स्पेक्टर तुम्हीच, टेस्टची तारीख वहीत लिहून ठेवत जा.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे, शाळेच्या प्रदर्शनाला वाफेचं काहीतरी करायचंय म्हणतो. हे सगळं त्याला झेपेल का? (ठाणे)

ताई, त्याला जत्रेतली फटफट करणारी पत्र्याची बोट करू द्या. बारीक तांब्याच्या नळीचे पेन्सिलीवर दोन-तीन वेढे घ्यायचे, दोन्ही टोकं बोटीच्या मागून पाण्यात सोडायची, ड्रॉपरने नळी पूर्ण भरायची आणि वेढ्यांखाली मेणबत्ती. वाफ झाली की पाणी मागे धारेने बाहेर फेकलं जातं, वाफ निवली की परत आत ओढलं जातं. मग बोट मागे का येत नाही, हे परीक्षक नक्की विचारतील. बाहेर जाताना पाणी एकाच दिशेला जातं, आत येताना मात्र चहूबाजूंनी येतं, म्हणून धक्का पुढचाच उरतो. स्पिरिटचा दिवा तेवढा देऊ नका, उजेडात त्याची ज्योत दिसत नाही, पोरं हात घालतात.