नीमायर : हा 'नी' नकाराचा नाही

एका ताईंचा प्रश्न आहे. जावई जर्मन, बीलेफेल्डजवळच्या खेड्यातले, आडनाव नीमायर. मोबाइलवर अर्थ बघितला तर 'नी' म्हणजे 'कधीच नाही' असं आलं. मग हे 'कधीच-नाही-मायर' काय प्रकरण आहे? आणि नातवासाठी त्या घराण्याची वंशावळ काढायची झाली, तर आडनावाच्या अर्थाचा काही उपयोग होतो का?

ताई, मोबाइलचं उत्तर प्रमाण जर्मनपुरतं बरोबर आहे. पण जावयांचा मुलूख सखल जर्मनचा, म्हणजे उत्तरेकडच्या बोलीचा, आणि त्या बोलीत 'नी' म्हणजे नवा. प्रमाण जर्मनमधला 'नॉय' आणि आपला 'नव' हे त्याचेच भाऊबंद. नीमायर म्हणजे नवा मायर. दक्षिणेत हाच माणूस नॉयमायर म्हणून सापडतो.

आता मायर. मूळ लॅटिन 'मायोर', म्हणजे 'अधिक मोठा'. संस्कृत 'महत्'शी त्याचं जवळचं नातं आहे. इंग्रजीतला 'मेयर' याच मुळातून आला. आपण मेयरला 'महापौर' म्हणतो, तेव्हा नकळत तोच 'महा' त्याच्या डोक्यावर पुन्हा ठेवतो! जर्मन मायर मात्र नगरपालिकेत बसणारा नव्हे. सरदाराची किंवा मठाची जमीन सांभाळायची, कुळांकडून धान्य गोळा करून वर पोचवायचं, हे त्याचं काम. पुढे पुढे ती जमीन वहिवाटीने त्याच्याच घरात राहू लागली आणि मायर म्हणजे मोठा शेतकरी असा अर्थ झाला. मराठीत एकच शब्द निवडायचा तर मी 'खोत' म्हणेन. पाटलाच्या जवळ जाणारं आडनाव वेगळं आहे : शुल्ट्स, शुल्त्से, शोल्ट्स. ही सगळी 'शुल्टहाइस'ची झिजलेली रूपं. 'शुल्ड' म्हणजे देणं आणि 'हाइसन' म्हणजे फर्मावणं, तेव्हा हा देणं भरायला फर्मावणारा गावकामगार.

एक सावधगिरी. ज्यू घराण्यांतलं मायर बहुतेक वेळा हिब्रू 'मेईर'वरून आलेलं असतं, त्याचा अर्थ 'प्रकाश देणारा'. उच्चार जुळला म्हणून मूळ जुळेलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट. अर्थावरून वंशावळ निघत नाही. कुलकर्णी एवढ्यावरून कुणाचं मूळ गाव सांगता येईल का? तसंच हे. म्युलर म्हणजे दळणारा, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर. प्रत्येक गावात एकेक होताच. त्यापेक्षा आपल्या '-कर'सारखी गावावरून पडलेली नावं कामाची. ओपेनहाइमर म्हणजे ओपेनहाइमकर, आडेनाउअर म्हणजे आडेनाउकर. तिथला '-अर' अगदी आपल्या '-कर'चं काम करतो. तुमच्या जावयांच्या भागात मात्र 'मायर त्सू अमुक' अशी नावं भेटतात. 'त्सू' दिसला की लोकांना उगाच सरदारकीचा वास येतो. इथे त्याचा अर्थ एवढाच, की अमुक वाडीचा मायर.

आणि याच भागात वंशावळ काढणाऱ्याची खरी फसगत होते. वेस्टफालियात, म्हणजे बीलेफेल्डच्या या मुलखात, आडनाव माणसापेक्षा वाडीला चिकटलेलं असे. दुसरीकडचा मुलगा वाडीच्या मुलीशी लग्न करून तिथे राहायला आला, म्हणजे आपल्या भाषेत घरजावई झाला, की वाडीचंच नाव लावू लागे. चर्चच्या नोंदवहीत मग दोन आडनावांच्या मध्ये 'गेनान्ट' हा शब्द येतो, म्हणजे 'ऊर्फ'. हा एक शब्द नजरेतून सुटला की बापाचं आडनाव एक आणि मुलाचं दुसरं निघतं, आणि आपण चार दिवस भलत्याच घराण्यामागे धावतो. नीमायरांची नीमायरकी पाच पिढ्यांमागे सासरची निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

नोंदी कुठे मिळतील? प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी 1 ऑक्टोबर 1874 पासून सुरू झाली, आणि बीलेफेल्ड प्रशियातच होतं. जन्माची नोंद 110 वर्षांनी, लग्नाची 80 वर्षांनी आणि मृत्यूची 30 वर्षांनी सर्वांना खुली होते. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. प्रोटेस्टंट वह्या बऱ्याचशा 'आर्खिऑन' या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात, कॅथलिक वह्या 'मात्रिकुला' या संकेतस्थळावर फुकट. 1618 ते 1648 च्या तीस वर्षांच्या युद्धात असंख्य वह्या जळाल्या, त्यामुळे पुष्कळ गावांत त्यापलीकडे वाटच नाही.

लिपीचीही तयारी ठेवा. कुरेन्ट म्हणजे जर्मनांची मोडीच समजा. त्यात रोमन 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो, आणि 'यू' ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर छोटी वाटी काढतात. नीमायर (Niemeyer) या नावात 'ई' तीन वेळा येतो, तेव्हा पहिल्यांदा ते नाव तुम्हाला वाचता येणार नाही हे नक्की. मोडी वाचणारं कुणी ओळखीत असेल तर त्यांना दाखवा. त्यांना लिपी येणार नाही, पण लपेटीतून अक्षर सोडवायची नजर असते.

तिकडच्या विहीणबाईंना विचारताना थोडं जपून. तिथे घरोघरी जुन्या कपाटात 'आनेनपास' नावाची पुस्तिका निघू शकते. नाझी राजवटीत आपण 'आर्य' असल्याचं दाखवायला लोकांना पूर्वजांची नावं चर्चमधून तपासून त्यात भरून घ्यावी लागत. वंशावळीसाठी ती आयती मिळालेली यादी असते, पण सगळ्यांनाच ती बाहेर काढायला आवडत नाही.

जाता जाता एक गंमत. म्युलर म्हणजे दळणारा, हे वर आलंच. ऋग्वेद छापणाऱ्या माक्स म्युलरांनी संस्कृत मुखपृष्ठावर स्वतःचं नाव मात्र 'मोक्षमूलर भट्ट' असं घातलं, जर्मनीला 'शार्मण्यदेश' केलं आणि ऑक्सफर्डचं 'गोतीर्थ'. पिठाच्या गिरणीतून माणूस थेट मोक्षाच्या मुळाशी पोचला.

जावयांच्या पणजोबांची वाडी कुठली होती एवढं विचारून कळवा. आडनावापेक्षा ते नाव मला जास्त हवं आहे.