प्रश्न तुमचे : चाचणी संपली, निकाल कुठे?

प्रश्न : माझे वडील मधुमेहाच्या एका नव्या गोळीच्या चाचणीत होते. शेवटची तपासणी होऊन दीड वर्ष झालं. विचारलं की ‘कंपनीकडून अजून काही आलं नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. निकाल मागता येतो का? त्यांना खरी गोळी होती की प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी), हे तरी कळेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : रुग्णालय टाळाटाळ करतंय असं लगेच धरून चालू नका. वडिलांची शेवटची भेट झाली म्हणजे चाचणी संपली असं नाही. मोठ्या चाचणीत अनेक शहरांतले, कधी अनेक देशांतले रुग्ण असतात. त्यांतल्या शेवटच्या रुग्णाची शेवटची भेट व्हावी लागते, मग नोंदी तपासून डेटा लॉक होतो, म्हणजे त्यात पुढे बदल करता येत नाही, आणि त्यानंतरच कुणाला काय मिळालं याचे कोड उघडतात. तोवर बहुतेक वेळा वडिलांच्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नसतं. गंभीर त्रास झाला आणि औषध कोणतं ते कळल्याशिवाय उपचार ठरत नसतील, तर त्या एका रुग्णाचा कोड आधी उघडता येतो. एरवी नाही.

निकाल मागता नक्की येतो. सहभागींना निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय द्यावा, असं हेलसिंकी जाहीरनाम्याच्या (माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची जागतिक नीतितत्त्वं) २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट आहे. युरोपीय संघाने पुढे जाऊन त्याचा कायदाच केला. ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार, चाचणी संपल्यापासून सर्वसाधारणपणे एका वर्षात सामान्य माणसाला कळेल असा सारांश जाहीर करावा लागतो. आपल्या २०१९ च्या औषध चाचणी नियमांत अशा सारांशाची मुदत नाही. म्हणून आपल्याकडे मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही.

मागायचं ते लेखी. संमतीपत्राची तुमची प्रत काढा. तीवर प्रमुख संशोधकाचं नाव आणि एथिक्स कमिटीचा (चाचणीला मंजुरी देणारी, रुग्णांचं हित पाहणारी समिती) संपर्क असतो, बहुधा प्रोटोकॉल क्रमांक, म्हणजे चाचणीचा ओळख क्रमांकही. संशोधकाच्या नावे साधा अर्ज करा : संपूर्ण चाचणी कधी संपली किंवा संपणार, वडील कोणत्या गटात होते, आणि निकालाचा मराठी सारांश कधी मिळेल. एक प्रत एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांना द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी विचारलेलं कोऑर्डिनेटर (चाचणीचं रोजचं काम पाहणारा माणूस) बदलला की हवेत विरतं. याच अर्जात चाचणीदरम्यानचे रक्ताचे रिपोर्टही मागा. पुढच्या डॉक्टरांना ते उपयोगी पडतात.

घरबसल्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर औषधाच्या नावाने शोधता येतं. १५ जून २००९ पासून औषध चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे. चाचणी चालू आहे की संपली, हे तिथे दिसतं. आणि वडील प्लासिबोच्या गटात निघाले तरी चालू गोळ्यांत स्वतःहून बदल करू नका.

प्रश्न : मी ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. आमच्या चाचणीचा निकाल लवकरच येईल. सर (प्रमुख संशोधक) म्हणतात, पेपर छापून आला की लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू. एवढं पुरे का? (सोलापूर)

उत्तर : नाही. ग्रुप केला की एकाचा नंबर आणि आजार दुसऱ्याला कळतो, गोपनीयता तिथेच संपली. आणि इंग्रजी शोधनिबंध कोण वाचणार? ब्रिटनमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या एका चाचणीतल्या महिलांना निकाल कसा कळवावा हेच तपासून पाहिलं, तेव्हा छापील सारांश टपालाने मिळालेल्या महिला अधिक समाधानी आढळल्या. आपल्याकडे तर कागदाला पर्याय नाही.

सारांशाचं पत्र असं करा : एक पान, पाठपोट, मोठ्या टायपात. आभार एका ओळीत, लगेच निकाल. आकडे ‘अमुक माणसांपैकी इतक्या’ अशा रूपात लिहा. उदाहरणार्थ, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचे गट करून, कोणत्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू घटतात याची चाचणी झाली. निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) तपासणीच्या गटात ‘मृत्यू निम्म्याने घटले’ हे खरं, पण त्याने प्रत्येकीला वाटेल की आपलाच धोका फार मोठा होता. त्याऐवजी असं लिहा : ‘तपासणी न झालेल्या दर १०,००० महिलांपैकी सुमारे २० जणी या कर्करोगाने दगावल्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात सुमारे १०.’ लगेच पुढे : ‘पॅप (पेशींचा नमुना घेऊन करायच्या) आणि व्हिनेगर लावून करायच्या तपासणीच्या गटांत मृत्यूंत खात्रीने म्हणता येईल अशी घट दिसली नाही.’ ही दुसरी ओळ गाळायचा मोह होतो. गाळू नका, त्या गटांतल्या बायकांनीही तितकाच वेळ दिला होता.

मग दुष्परिणाम, तुम्ही आता काय करायचं, आणि फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव. मसुदा वैद्यकीय शिक्षण नसलेल्या चार-पाच जणांना वाचायला द्या आणि ‘काय कळलं ते सांगा’ म्हणा. ‘कळलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्यांचं सांगणं जिथे अडखळेल ते वाक्य बदला. पत्र पाठवण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या. यात वेळ जातो, म्हणून मसुदा आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवून आधीच सादर करा.

खरी अडचण पत्त्यांची. निकाल येईतो मोबाइल नंबर बदललेले असतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास घर सोडतात ती उन्हाळ्यातच परततात, तेव्हा त्या गावांची पत्रं पावसाळ्यात पाठवा. पुढच्या चाचणीपासून संमती घेतानाच तीन गोष्टी लिहून घ्या : निकाल हवा की नको, टपालाने की फोनवर की भेटीत, आणि घराबाहेरच्या एका नातेवाइकाचा नंबर. शेवटच्या भेटीत हे पुन्हा विचारा. पाकिटावर आजाराचं किंवा चाचणीचं नाव नको. एकत्र कुटुंबात पत्र कोण फोडेल सांगता येत नाही.

पेपर छापेपर्यंत थांबलंच पाहिजे, हेही तितकंसं खरं नाही. नोंदवहीत थोडक्यात निकाल टाकला तर वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती ते पूर्वप्रकाशन मानत नाही, म्हणजे पेपर छापायला त्याची आडकाठी नसते. पत्राबाबत नियतकालिकाला आधी एक ईमेल करून घ्या, आणि बातमी वर्तमानपत्रात येण्याआधी पत्र घरी पोहोचेल असं बघा.

प्रश्न : सहभागी रुग्ण दरम्यान वारला असेल तर? (सोलापूरच्याच कोऑर्डिनेटर)

उत्तर : पत्र परस्पर टाकू नका. पाठवण्याआधी यादी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहा. अशा घरी आधी फोन करून निकाल हवा आहे का विचारा, आणि हो म्हणाले तरच वेगळा मजकूर पाठवा. ‘तुमची प्रकृती’ असलेलं छापील पत्र त्या घरी जाता कामा नये. फोन शक्यतो त्यांना ओळखणाऱ्या डॉक्टरांनी करावा. ‘औषधामुळे तर गेले नाहीत ना?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा फाइल समोर ठेवूनच नंबर लावा.