ओंजळभर पाणी आणि एक जाडजूड कादंबरी

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला होता पण दोन ओळीत 'टेक केअर' टाकून मोकळं व्हावं असा तो नव्हता, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. लांबेल थोडं, सहन कर.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे तुझी रूममेट गेले दोन महिने अगदी मिटल्यासारखी झालीय, मध्येच रडते, विचारलं की 'काही नाही गं' म्हणते, तर तिच्याशी नेमकं बोलायचं काय. आणि दुसरं तू अगदी शेवटी ओशाळून लिहिलंयस, की ती तिकडे अशी पडलेली असते आणि मी इकडे कादंबऱ्या वाचत बसते, हे चुकतंय का. तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतायत. मला एकच वाटतोय, पण ते सांगायच्या आधी माझी एक फजिती सांगते.

तुझ्या वयाची असताना माझी एक जवळची मैत्रीण अशीच गळून गेली होती. आणि मी काय केलं असेल? सल्ले दिले. पहाटे उठत जा, फिरायला जा, डायरी लिही, तुझ्याकडे काय काय चांगलं आहे ते बघ, लोकांचं किती वाईट असतं. ती प्रत्येक वेळी 'हो' म्हणायची आणि मला वाटायचं वा, मदत होतेय आपली. मग काही दिवसांनी ती 'आता मी बरी आहे' म्हणायला लागली, मी खूश. खूप वर्षांनी एकदा गप्पांमध्ये तिने हसत हसत सांगितलं की बरी बिरी काही नव्हते मी, तुझे सल्ले थांबावेत म्हणून तसं म्हणायचे. ती हसत होती, मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेव्हापासून मी स्वतःकडे बघायला लागले की मी एवढी घाईघाईने का बोलते. तर समोरचं माणूस रडायला लागलं की आपल्यालाच कसंतरी होतं, ते कसंतरी थांबवायचं असतं आपल्याला, आणि 'होईल गं सगळं नीट' हे त्यासाठीचं सगळ्यात सोपं झाकण. दुखणं तिचं आणि झाकण आपल्या सोयीचं. (हो, आणि आता मीच तुला पानभर सल्ला देतेय, कळतंय मला.)

आता कादंबरी वाचताना काय होतं बघ. हिरॉइन भलत्याच माणसावर विश्वास ठेवायला निघालीय, तुला पन्नास पानं आधीच कळलंय हा बनेल आहे, तू मनातल्या मनात ओरडतेयस अगं नको नको, पण ती काही ऐकणार नाहीये. तुझ्या हातात एकच, पान उलटणं. चारशे पानं तू एका माणसासोबत राहतेस आणि तुला मध्ये एक शब्द बोलता येत नाही, आणि गंमत म्हणजे त्या न बोलता येण्यामुळेच हळूहळू ते माणूस कळायला लागतं, पहिल्या प्रकरणात डोक्यात गेलेलं माणूससुद्धा. आणि दुसरं म्हणजे 'काही नाही गं' असं म्हणून ती हसली की कादंबरीत पुढच्याच ओळीत लिहिलेलं असतं की तिच्या आत काय तुटलं. तुझ्या रूममेटच्या बाबतीत ती पुढची ओळ छापलेली नाहीये. पण ती ओळ असते, हे तुला एवढं वाचून माहीत झालंय की नाही? मग तिने 'काही नाही' म्हटल्यावर 'बरं' म्हणून तू खोलीबाहेर जाणार नाहीस, एवढं पुरे.

कादंबरी हा शब्दच आपल्याकडे एका कथेच्या नावावरून आलाय, बाणभट्टाच्या, सातव्या शतकातल्या. त्याला ती पुरी करता आली नाही, पुढची त्याच्या मुलाने लिहिली. त्यात एक जागा मला फार आवडते. चंद्रापीड नावाचा राजपुत्र भटकत भटकत एका सरोवराकाठी येतो, तिथे महाश्वेता एकटी तप करत बसलेली असते. हा तिला विचारतो की तू अशी का राहतेस, आणि ती काही न बोलता रडायलाच लागते. याला अपराधी वाटतं की आपण उगाच तिचं दुःख उकरलं. मग तो काय करतो, समजूत घालत नाही, तत्त्वज्ञान सांगत नाही, उठतो आणि झऱ्यातून ओंजळीत पाणी घेऊन येतो, तिला तोंड धुवायला. ती तोंड धुते, डोळे पुसते, आणि मग आपणहून सगळं सांगायला लागते. लांबलचक सांगते अगदी, आणि तो ऐकतो. तेराशेहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे हे, आणि आजही मला यापेक्षा चांगलं काही सुचलेलं नाही.

तर ओंजळभर पाणी म्हणजे काय ते तुझ्या खोलीत तू शोधायचं. 'काही लागलं तर सांग' हे वाक्य मात्र सोड, कारण काय लागतंय ते शोधून, शब्दात मांडून, वर कोणाकडे तरी मागायचं एवढी ताकद असती तर ती पडून कशाला राहिली असती. त्यापेक्षा 'मी खाली चाललेय, तुझे कपडे पण धुवायला टाकते' हे बरं. किंवा 'मी इथेच बसून वाचतेय, तू बोललीच पाहिजेस असं नाही'. बाहेर असलीस तर मेसेज टाक आणि त्यातच लिही की रिप्लाय नाही दिलास तरी चालेल, कारण न दिलेल्या रिप्लायचंही ओझं होतं अशा दिवसात. बोलायला लागली तर मध्ये तुझा अनुभव घुसवू नकोस, 'माझ्या चुलत बहिणीचं पण सेम झालेलं' वगैरे. आणि गप्प झाली तर तूही गप्प बस, त्या शांततेने काही बिघडत नाही, आपल्यालाच उगाच ती मोठी वाटते.

एक मात्र करू नकोस, उत्साहाच्या भरात तुझी आवडती कादंबरी तिच्या हातात कोंबू नकोस. डिप्रेशनमध्ये लक्ष लागत नाही, एकच पॅरा चार वेळा वाचला तरी डोक्यात शिरत नाही, हे लक्षणच आहे त्याचं, आळस नव्हे. मग ते पुस्तक उशाशी पडून राहतं आणि आपल्याला हेही जमत नाही याची रोज आठवण करून देतं. तिने आपणहून मागितलं तर दे. आणि काही जण अशा काळात आधी वाचलेलंच जुनं पुस्तक परत उघडतात, कारण पुढे काय होणार ते माहीत असतं आणि त्याचाच आधार वाटतो, तसं काही तिने केलं तर 'परत हेच काय' म्हणू नकोस.

आता थोडं गंभीर. दोन आठवड्यांच्या वर रोजच असं चाललं असेल, झोप, भूक, काम सगळंच बिनसलं असेल तर ते डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे नेण्याचं काम आहे, मैत्रीने बरं करण्याचं नाही. अपॉइंटमेंट घ्यायला मदत कर, सोबत जा, बाहेर बस. गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडायला काही आठवडे लागतात, आणि चौथ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, हे तिला माहीत असू दे. आणि तिच्या बोलण्यात 'मी नसतेच तर बरं' असं काही आलं तर विषय बदलू नकोस. सरळ विचार, जीव द्यायचे विचार येतात का तुझ्या मनात? लोकांना वाटतं विचारल्याने डोक्यात भलतं भरेल, तसं होत नाही, उलट कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून हायसं वाटतं बऱ्याच जणांना. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नकोस आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नकोस, घरचं कोणी, डॉक्टर, हेल्पलाइन, लगेच कोणालातरी यात घे. ती रागावेल कदाचित. रागावू दे.

बरं, तुझा तो ओशाळलेला प्रश्न. तुला वाटेल मी आता म्हणेन की वाच, वाच, त्याने सहानुभूती वाढते. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता की थोडा वेळ साहित्यिक कथा वाचली तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं सुधारतं, तेव्हा वाचणारे आम्ही सगळे कॉलर ताठ करून फिरत होतो. मग इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून बघितला तर तो परिणाम काही दिसेना. मला मनातून बरंच वाटलं खरं सांगायचं तर, कारण ढीगभर वाचून घरातल्यांशी खडूसपणे वागणारी माणसं मी पाहिलीत, त्यातली एक मीच, वाचताना कोणी हाक मारली की मी फाडून खायचे. पुस्तकातल्या विधवेसाठी डोळे भरलेले आणि बाजूच्या खोलीत कोणी कण्हतंय तर 'आता काय' म्हणून ओरडतेय, अशी.

म्हणून तू मजेसाठी वाच, निव्वळ मजेसाठी. पहिली तीस पानं नावांचा गोंधळ होतो, कोण कोणाचा भाऊ ते कळत नाही, सोडून द्यावंसं वाटतं, आणि मग कधीतरी एका साध्याच वाक्यावर ते घर आपलं होऊन जातं. हे एवढंच प्रकरण म्हणता म्हणता रात्रीचे तीन वाजतात. शेवटची वीस पानं मुद्दाम हळू वाचायची, संपू नये म्हणून. आणि संपल्यावर दोन-तीन दिवस कोणीतरी गाव सोडून गेल्यासारखं चुकल्या चुकल्यासारखं वाटतं, आणि गेलेलं ते माणूस मुळात कुठे नव्हतंच! या सुखाचा कोणाला हिशोब द्यायचा नसतो. तू दिवसभर तिच्याकडे बघून बघून स्वतः कोमेजलीस तर तिला एक आणखी ओझं, तेव्हा तासभर दुसऱ्याच कोणाच्या आयुष्यात जाऊन आलीस तर त्यात चोरी कसली. झोप मात्र घालवू नकोस, हे मी सांगतेय म्हणजे विनोदच आहे.

आज संध्याकाळी तिच्याच खोलीत बस पुस्तक घेऊन. ती काही विचारेल असं नाही. पण तीन-चार दिवसांनी कदाचित भिंतीकडे तोंड करूनच म्हणेल, 'काय चाललंय त्यात?' तेव्हा पुस्तकाचं कौतुक करू नकोस, फक्त गोष्ट सांग, जिथपर्यंत तू वाचली असशील तिथपर्यंत.

आणि कुठली वाचतेयस ते तू लिहिलंच नाहीस. कळव. शेवट सांगू नकोस फक्त.

तुझी,
मावशी