मालीश शिकायचं आहे? आधी रुग्णालय, मग स्पा

धायरीहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी २१ वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, पण अभ्यासात मन नाही. तिला मसाज थेरपिस्ट व्हायचं आहे. कोरेगाव पार्कजवळच्या एका खासगी संस्थेत आठ आठवड्यांचा ‘इंटरनॅशनल सर्टिफाइड होलिस्टिक मसाज थेरपिस्ट’ असा कोर्स आहे, फी १,८५,००० रुपये. ५,००० टोकन भरून झालं आहे, बाकीचे महिनाअखेरीस भरायचे आहेत. त्या लिहितात, “तिचे बाबा म्हणतात, एवढं शिकवलं ते लोकांचे पाय चेपायला का? आणि स्पावर छापा पडल्याच्या बातम्या वाचल्या की माझ्या पोटात गोळा येतो. तिला हो म्हणू की नाही?”

ताई, मुलीला हो म्हणा. त्या कोर्सला मात्र आत्ता नाही म्हणा.

आधी बाबांचं बोलू. तुमच्या स्वतःच्या बाळंतपणात घरी तेल लावायला बाई येत असतील. सव्वा महिना रोज सकाळी त्या यायच्या, आधी बाळाला, मग बाळंतिणीला मालीश करायच्या, शेक-शेगडी बघायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असं सगळी गल्ली म्हणायची. तालमीतही मेहनत झाल्यावर पैलवान एकमेकांचं अंग रगडून देतात, त्यात कुणाला कमीपणा वाटलेला ऐकला नाही. म्हणजे हे काम पुण्याला नवं नाही. या कामाला शिक्षण आणि नेमणूकपत्र नव्हतं, एवढंच. तुमची लेक तेच मिळवायला निघाली आहे. बाबांना हे एकदा शांतपणे सांगा, भांडणाच्या सुरात नको.

तुमची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ‘स्पा’ अशी पाटी लावून भलतेच धंदे चालतात, १९५६च्या अनैतिक मानवी व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली तिथे कारवाई होते, आणि त्या गदारोळात प्रामाणिकपणे काम करणाऱ्या मुलीही बदनाम होतात. म्हणून तिने कामाची जागा पारखायला शिकलं पाहिजे, आणि ते फार अवघड नाही. जाहिरातीत कामापेक्षा मुलीचं वय आणि दिसणं जास्त असेल, अनुभव नको पण कमाई भरपूर असं लिहिलं असेल, तर फोनही करू नये. चांगल्या ठिकाणी ग्राहक आला की आधी फॉर्म भरून घेतात: कोणता आजार, कोणतं औषध, कोणती शस्त्रक्रिया. खोलीला आतून कडी नसते. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर, हा नियम तिथे कुणी मोडत नाही. हातात पगाराची स्लिप आणि नेमणूकपत्र देतात. ‘पगार नाही, टिपवर भागेल’ म्हणणाऱ्या मालकाला तिथल्या तिथे नमस्कार करावा.

आणखी दोन गोष्टी तिला पाठ असू द्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात, कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. थोडक्यात, ग्राहक वाकडा वागला तर ‘कस्टमर आहे, सांभाळून घे’ असं मालक म्हणू शकत नाही. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दुसरं, राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, तो लागू असलेल्या मोठ्या ठिकाणी, बाईमाणसाची कामाची वेळ सकाळी ७ ते रात्री ९.३०. त्यापुढे थांबवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय मालकाने करायला हवी.

आता त्या कोर्सकडे येते. आपल्याकडे डॉक्टरला मेडिकल कौन्सिल आहे, फिजिओथेरपिस्टसाठी २०२१चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आहे. मसाज थेरपिस्टची अशी कायद्याने ठेवलेली नोंदवही नाही. त्यामुळे ‘सर्टिफाइड’ हा शब्द कुणीही छापू शकतो, अगदी गाळा भाड्याने घेऊन दोन टेबलं टाकणाराही. प्रमाणपत्र कुणी दिलं, हे म्हणून महत्त्वाचं. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं स्पा थेरपिस्टचं प्रमाणपत्र राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत, म्हणजे कौशल्य शिक्षणाच्या सरकारी पायऱ्यांमध्ये, बसतं. परदेशी नावांमध्ये सिडेस्को, आयटेक, सिबटॅक या संस्था खऱ्या आहेत आणि मोठ्या हॉटेलांमध्ये त्यांना ओळख आहे. पण तुमच्या संस्थेने माहितीपत्रकावर नुसतं जगाच्या नकाशाचं चित्र टाकलं असेल तर त्याला अर्थ नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या मूळ संस्थेचं नाव आणि तिने दिलेला केंद्र क्रमांक मागा आणि तो त्या मूळ संस्थेकडे स्वतः ताडून बघा. उत्तर द्यायला आढेवेढे घेतले, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

समजा ते खरं निघालं. तरीही आठ आठवडे अपुरेच. स्वीडिश पद्धतीचे पाच मूळ हात असतात: लांब सरकवणं, मळणं, घर्षण, थोपटणं, कंप देणं. एकोणिसाव्या शतकात योहान मेट्सगर नावाच्या डच डॉक्टरने या हातांची नीट मांडणी केली असं मानतात. हाताची हुशार मुलगी ते दोन महिन्यांत नक्की उचलेल. अवघड भाग वेगळाच आहे: कुणाला हात लावायचा नाही, हे ओळखणं.

एक उदाहरण देते. रात्रभर बसमध्ये बसून आलेल्या बाई येतात, म्हणतात, “डावी पोटरी फार दुखतेय गं, जरा जोर लाव.” शिकलेली मुलगी आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघते. एकच सुजली आहे, हाताला गरम लागते, लालसर दिसते. अशा वेळी आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते, आणि चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. तिथे तेलाची बाटली बाजूला ठेवून ‘आज मालीश नाही, आधी डॉक्टरकडे जा’ म्हणायचं असतं, तेही पैसे बुडतात म्हणून मालक डोळे वटारत असताना. ताप, संसर्गाचं त्वचेचं दुखणं, ताजी शस्त्रक्रिया, बेसुमार वाढलेलं बीपी, गरोदरपण. प्रत्येकाचे नियम वेगळे. गुडघ्यामागचा खळगा आणि गळ्याची पुढची बाजू इथे जोर द्यायचाच नाही. हे पुस्तकातून पाठ होतं, पण अंगी मुरतं ते रोज नवे रुग्ण समोर आले, आणि चुकलं तर टोकायला डॉक्टर शेजारी असला, तरच.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिलं वर्ष तिला अशा ठिकाणी घाला जिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मालीश होते. आणि पुणेकरांच्या नशिबाने अशी जागा स्टेशनजवळच आहे. ताडीवाला रोडवरच्या बापू भवनात आयुष मंत्रालयाची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र याच वास्तूत होतं, गांधीजी तिथे मुक्कामाला असत. ही संस्था उपचार सहाय्यकांसाठी वर्षभराचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालवते. मालीश, जलोपचार, मातीच्या पट्ट्या, वाफ, शिवाय शरीराची ओळख, हे सगळं त्यात येतं. पाटीवर इंटरनॅशनल काही नाही, पण रोज खरे रुग्ण येतात. महिनाअखेरीची वाट न बघता एका सकाळी दोघी जा, प्रवेशाची सूचना कधी लागते ते विचारा, आणि जमलं तर तिथल्या मुलींशी बोला. बाबांनाही न्या. तिथे बायकांना उपचार बायकाच देतात, पुरुषांना पुरुष. हे डोळ्यांनी पाहिलं की त्यांचा निम्मा विरोध मावळेल. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रमही, जो गांधीजींनी १९४६मध्ये सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी वाढवला, एक दिवस बघून येण्यासारखा आहे.

तिचा ओढा आयुर्वेदाकडे असेल तर पंचकर्म तंत्रज्ञाचा रस्ता आहे. अभ्यंग (अंगाला तेल), पिंडस्वेद (औषधी पुरचुंडीचा शेक), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) हे वैद्याच्या सांगण्यावरून करायचं काम. केरळात चेरुतुरुत्ती इथे केंद्र सरकारची पंचकर्म संशोधन संस्था आहे, तिथेही असं प्रशिक्षण मिळतं. पण मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर पडणार असेल तर मी पुण्यापासून सुरुवात करा म्हणेन.

फिजिओथेरपी किंवा बी.ए.एम.एस. का नाही, असं कुणीतरी नातेवाईक विचारणारच. बारावीला जीवशास्त्र लागतं, तुमची मुलगी कॉमर्सची, विषय संपला. आणि हा फरक तिनेही लक्षात ठेवायचा आहे. तिने स्वतःला डॉक्टर म्हणायचं नाही, निदान करायचं नाही, ‘मधुमेह, लठ्ठपणा, लकवा बरा करतो’ असा बोर्ड लावायचा नाही. १९५४चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा अशा दाव्यांसाठीच आहे.

होलिस्टिक मसाजचा डिप्लोमा मी रद्दीत काढत नाही. नीट चालवलेल्या अभ्यासक्रमात ग्राहकाची झोप, काम, खाणं, ताण यांची चौकशी करून मग हात ठरवायला शिकवतात, आणि प्रत्यक्ष माणसांवर केलेल्या कामाच्या लेखी नोंदी तपासतात. वर्षभर रुग्णालयात काढलेल्या मुलीला त्याचा दुप्पट फायदा होईल, आणि तोवर फीचे थोडे पैसे तिच्या स्वतःच्या कमाईतून उभे राहतील. थाई मसाजची हौस असेल तर बँकॉकच्या वाट फो मंदिरातली शाळा १९५५पासून आहे. पण तेही नंतर.

बी.कॉम. सोडू देऊ नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करता येते. उद्या बाणेर-बालेवाडीत तिने स्वतःची दोन खोल्यांची जागा काढली, तर जीएसटी, भाडेकरार, पगारपत्रक हेच विषय कामाला येणार आहेत, आत्ता कितीही कंटाळवाणे वाटोत. परदेशातल्या नोकरीचं आमिष दाखवणारा एजंट भेटला, तर ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का, एवढं बघितल्याशिवाय पासपोर्ट हातात देऊ नका.

एक परीक्षा मात्र घरीच घ्या, फुकटातली. हे अंगमेहनतीचं काम आहे. दिवसाला चार-पाच मालीश म्हणजे तेवढे तास उभं राहणं, आणि चुकीच्या पद्धतीने केलं तर सगळ्यात आधी अंगठे जातात, मग कंबर. पुढचे काही रविवार तिला चार वेगवेगळ्या अंगांच्या माणसांना, आजीपासून जाड मावशीपर्यंत, एकेक तास पाठीला आणि पायांना तेल लावू दे. हात खाली सोडून उभी राहिली की टेबल तिच्या मुठीच्या उंचीचं असावं, नखं कापलेली, अंगठी-बांगड्या काढलेल्या. जोर दंडातून न येता पुढच्या पायावर अंगाचं वजन टाकून यायला हवा. तेल लावण्याआधी मनगटावर थेंबभर लावून त्वचेला सोसतं का ते बघायचं, शेंगदाणा-तिळाची ॲलर्जी विचारायची. आजीला जोराने मळायचं नाही, तिची हाडं ठिसूळ असतात. चौथ्या माणसापाशी पोचल्यावरही तिला ‘मावशी, खांदा अजून आखडलेलाच आहे, थांबा’ म्हणावंसं वाटलं, तर पोरगी टिकेल. दुसऱ्याच माणसाला घड्याळ बघायला लागली, तर लाखभर रुपये वाचले म्हणा.

राहता राहिला टोकनचा प्रश्न. संस्थेला ईमेल पाठवा: प्रवेश रद्द करत आहोत, टोकन परत करावे. पावतीवर ‘परतावा नाही’ असं छापलं असलं तरी पाठवा, लेखी पुरावा हातात राहतो. दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथून काही निघालं तर उत्तम. नाही निघालं, तरी ५,००० गेले म्हणून उरलेले १,८०,००० भरायचे नाहीत.